खटकन बसली म्हणजे चालली असं नाही: केबल आणि कनेक्टर शिकणाऱ्यांसाठी

हार्डवेअर-नेटवर्किंगच्या कामावर नवीन आलेल्यांची अडचण नावांपाशी होत नाही. एचडीएमआय कोणती, व्हीजीए कोणती, हे कोर्सच्या पहिल्या आठवड्यातच पाठ होतं. अडतं ते एकसारख्या दिसणाऱ्या गोष्टींपाशी. कनेक्टर खटकन बसला की काम झालं असं वाटतं. त्यातून कळतं ते इतकंच की आकार जुळला. म्हणून इथे सगळ्या केबलींची यादी देत नाही. जिथे हमखास फसायला होतं, त्या जागा तेवढ्या सांगतो.

सुरुवात आरजे-४५ पासून, म्हणजे लॅन केबलच्या टोकाच्या आठ पिनांच्या कनेक्टरपासून, कारण पहिली काही वर्षं तुमचं पोट त्याच्यावरच चालणार आहे. लॅन केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीला पीळ. कनेक्टरची क्लिप खाली आणि तारा घालायचं तोंड आपल्याकडे धरलं, की डावीकडची पहिली पिन. रंगांचा क्रम लावायच्या दोन ठरलेल्या पद्धती आहेत, ५६८-ए आणि ५६८-बी. ५६८-बी पद्धतीचा क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. ५६८-ए मध्ये नारिंगी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल होते, बाकी सगळं तेच.

आता नीट बघा. हिरव्या जोडीची एक तार तिसऱ्या पिनवर आणि दुसरी थेट सहाव्या पिनवर, मधे निळी जोडी. नवीन माणसाला हे विचित्र वाटतं आणि तो आपल्या मनाने जोड्या शेजारी-शेजारी लावतो: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. दोन्ही टोकांना तोच क्रम असल्यामुळे टेस्टरवर एक ते आठ सगळे दिवे ओळीने लागतात. पोरगा खूश. पण ३ आणि ६ या पिनांवरून जाणारा सिग्नल आता दोन वेगवेगळ्या जोड्यांतल्या तारांवरून जातोय, त्यामुळे पिळाचा उपयोग संपला आणि एका जोडीचा सिग्नल दुसरीत मिसळायला लागला. केबल हातभर असेल तर चालूनही जाईल. लांब असेल तर पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, गळतात, स्पीड पडतो आणि सगळे स्विचला शिव्या घालतात. साधा टेस्टर तार जोडलेली आहे का एवढंच सांगतो, ती कुणाबरोबर पिळलेली आहे हे नाही. म्हणून क्रिंप मारण्याआधी, म्हणजे पकडीने कनेक्टर दाबून पक्का करण्याआधी, कनेक्टरच्या पारदर्शक तोंडातून रंग डोळ्यांनी वाचायची सवय लावा.

पीळही गरजेपुरताच सोडा. कॅट-५ई या दर्जाच्या लॅन केबलसाठी १३ मिलिमीटरपर्यंतची मुभा आहे. बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत शिरलं पाहिजे, म्हणजे क्रिंपची पकड आवरणावर बसते. नुसत्या तारांवर लटकणारा कनेक्टर कधी दगा देईल ते सांगता येत नाही.

एक खूण फार उपयोगाची आहे. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या पुरतात, पिना १, २, ३ आणि ६. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, चारही लागतात. दोन्हीकडे गिगाबिट पोर्ट असूनही लिंक १०० वर अडली, तर ड्रायव्हरच्या मागे लागण्याआधी ४, ५, ७, ८ यांपैकी एखादी तार सुटली आहे का ते बघा. बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं.

अंतराचं गणित १०० मीटरचं: भिंतीतून जाणारी पक्की केबल ९० आणि दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड (भिंतीतल्या जॅकपासून यंत्रापर्यंतच्या छोट्या केबली) मिळून १०. कॅट-६ वर १० गिगाबिट हवं असेल तर ५५ मीटरच्या आत राहा; पूर्ण १०० मीटरला कॅट-६ए घ्या. भिंतीतून न्यायला सॉलिड तारेची केबल आणि पॅच कॉर्डला बारीक तारांची, कारण ती वाकवली तरी तुटत नाही. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबलही मिळते. तार खरवडली की आतून चंदेरी दिसते. रोध जास्त असल्यामुळे ती तापते, त्यामुळे पीओईवर, म्हणजे लॅन केबलमधूनच वीज देऊन, कॅमेरा चालवायचा असेल तर तिला हातही लावू नका.

याच आरजे-४५ ची दोन सोंगं आहेत. एक, स्विच किंवा राउटरबरोबर मिळणारी, त्यांचं सेटिंग करायची कॉन्सोल केबल. तिचं टोक लॅन पोर्टमध्ये छान बसतं आणि काहीच होत नाही, कारण ती नेटवर्कची नाही, सीरियल पोर्टची आहे. कॉन्सोल लिहिलेल्या पोर्टातच लावायची. बऱ्याच स्विचना कॉम्प्युटरवरच्या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये वेग ९६०० बॉड ठेवला की अक्षरं दिसायला लागतात. दुसरं, टेलिफोनचा आरजे-११. तोही लॅनच्या जॅकमध्ये जातो, पण कडेच्या पिना वाकवण्याची शक्यता असते. मोकळा जॅक दिसला म्हणून टेलिफोनची वायर खुपसू नका.

फायबरमध्ये रंग बोलतात. पिवळं आवरण म्हणजे सहसा सिंगल मोड, प्रकाश जाणारा काचेचा गाभा ९ मायक्रॉनच्या आसपास. फिकट निळसर-हिरवं म्हणजे मल्टिमोड, गाभा ५० मायक्रॉन. चौकोनी एससी कनेक्टर निळा असेल तर टोक सपाटीकडे झुकणारं, हिरवा असेल तर ८ अंशांत तिरकं घासलेलं. निळा-हिरवा एकमेकांना जोडले तरी अडॅप्टरमध्ये बसतात, पण टोकं टेकत नाहीत आणि प्रकाश वाया जातो. एलसी या लहान कनेक्टरच्या जोडीत लिंक येत नसेल तर आधी दोन टोकं उलटसुलट करून बघा. नवीन पॅच कॉर्डसुद्धा पुसूनच लावा. आणि चालू फायबरच्या तोंडात डोकावायचं नाही. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

यूएसबी टाइप-सी तर बहुरूपीच. चार्जरसोबतची केबल बहुधा ४८० एमबीपीएसचीच असते, आणि तशाच दिसणाऱ्या दुसरीवरून ४० जीबीपीएस जातं. टाइप-सीवर मॉनिटर लागत नाही अशी तक्रार आली की पहिल्यांदा केबल बदला. ६० वॅटच्या वर चार्जिंगसाठी केबलच्या टोकात ओळख सांगणारी चिप लागते, नाहीतर लॅपटॉप हळू चार्ज होतो.

डिस्प्लेचं थोडक्यात. डिस्प्लेपोर्टच्या प्लगला बहुधा खटका असतो, तो दाबल्याशिवाय ओढू नका. डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय मॉनिटरला जायला साधा कन्व्हर्टर बहुतेकदा पुरतो. उलट दिशेने पुरत नाही, तिथे वीज घेणारा ॲक्टिव्ह कन्व्हर्टरच हवा. खोक्यावर दिशा लिहिलेली असते, ती वाचून घ्या.

शेवटी मॉड्युलर एसएमपीएस, म्हणजे ज्याच्या केबली सुट्या काढता-लावता येतात असा कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय, कारण इथे आकार जुळल्याची शिक्षा सगळ्यात महाग पडते. हार्ड डिस्कला लागणारं साटाचं टोक सगळीकडे सारखं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कोणत्या पिनवर किती व्होल्ट द्यायचे याचा एकच नियम नाही. एका कंपनीची केबल दुसरीच्या एसएमपीएसला बसते, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ गेले तर हार्ड डिस्क जागीच जळते. कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो. नवीन एसएमपीएस बसवताना जुन्याच्या केबली कितीही नीट बांधलेल्या असल्या, तरी सगळ्या सोडवा आणि जुन्याच खोक्यात भरा.