छोट्या साईटला नोड कशाला? सीएसएस, फॉन्ट, फोटो असेच सांभाळा

पावसात गुहागरला बसून होमस्टेच्या साईट करायच्या म्हणजे रेंज येऊन जाऊन आणि लाईट कधी जाईल नेम नाही, अशात नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) घेऊन त्याचं एनपीएम इन्स्टॉल, म्हणजे लागणारे कोडचे तुकडे उतरवणारी कमांड, लावलं की ते शेकडो पॅकेजं ओढत बसतं आणि मधेच तुटलं की परत पहिल्यापासून. पाच-सहा पानांच्या साईटला हे लागतच नाही. दोन वर्षांनी होमस्टेवाल्या काकांचा फोन येतो, "अरे गणपतीत चाकरमानी येतील, रेट बदल जरा", तेव्हा जुनं टूलचेन (साईट बनवणाऱ्या टूलांची साखळी) उठवण्यातच दिवस जातो.

सीएसएसची, म्हणजे पान कसं दिसेल ते सांगणाऱ्या नियमांची, एकच फाईल ठेवा, वरती रूटमध्ये (सगळ्या पानाला लागू होणाऱ्या नियमात) रंग, अंतरं, फॉन्ट सगळं व्हेरिएबलमध्ये. सॅस (सीएसएस तयार करून देणारी भाषा) आपण वापरायचो ते मुख्यतः व्हेरिएबल आणि नेस्टिंगसाठी (एका नियमाच्या आत दुसरा नियम लिहिणं), आता दोन्ही ब्राउझरमध्येच आहे, नेस्टिंग २०२३ मध्ये क्रोम, सफारी, फायरफॉक्स तिन्हीत आलं. फक्त अपडेट न झालेल्या जुन्या मोबाईलवर नेस्ट केलेले नियम लागू होत नाहीत, म्हणून लेआउटचे नियम सपाटच लिहा. टेलविंडच (तयार सीएसएस क्लासचं फ्रेमवर्क) हवं असेल तर त्याची नोडशिवाय चालणारी एक एक्झिक्युटेबल फाईल मिळते, तेवढी पुरते.

आता फॉन्ट, इथे नीट लक्ष द्या. मराठी फॉन्ट पायफॉन्टसबसेटने (फॉन्टातली हवी तेवढीच अक्षरं ठेवणारं टूल) कापून डब्ल्यूओएफएफ२ या वेबसाठीच्या दाबलेल्या फॉरमॅटमध्ये केला की बराच हलका होतो, पण नुसती युनिकोडची ०९०० ते ०९७एफ ही देवनागरीची रेंज देऊन थांबू नका. ₹ हे चिन्ह त्या रेंजमध्ये नाही, ते २०बी९ वर आहे, ते राहिलं तर रेटकार्डात रुपया वेगळ्याच फॉन्टात दिसतो. २००सी आणि २००डी हे न दिसणारे जोडणारे-तोडणारे कॅरेक्टरपण घ्या, कारण 'किनाऱ्यावर'मधला तो अर्धा र काही कीबोर्डवरून २००डी लावूनच टाईप होतो. कापून झालं की 'किनाऱ्यावर, क्षेत्र, श्रीवर्धन' असे शब्द पानावर टाकून बघा.

फोटो सीवेबपीने (फोटो हलक्या वेबपी फॉरमॅटमध्ये बदलणारं टूल) १६०० पिक्सेल रुंद, क्वालिटी ७५. एचटीएमएलमध्ये विड्थ-हाईट लिहाच, नाहीतर फोटो येताना मजकूर खाली उडी मारतो. लेझी लोडिंग, म्हणजे तिथपर्यंत स्क्रोल केल्यावरच फोटो उतरवणं, खालच्या फोटोंना, पहिल्या मोठ्या फोटोला नको.

सगळ्यात जास्त घोळ कॅशचा, म्हणजे ब्राउझर जुन्या फाईली साठवून ठेवतो त्याचा. मी एकदा रंग बदलले, माझ्याकडे नवे दिसत होते आणि काकांच्या मोबाईलवर आठवडाभर जुनेच. तेव्हापासून फाईलच्या नावातच हॅश (फाईलमधल्या मजकुरावरून निघणारा, मजकूर बदलला की बदलणारा कोड) घालतो: तो काढणाऱ्या एमडी५सम कमांडचे पहिले आठ अक्षर-आकडे नावाला जोडायचे आणि सेड या शोधून-बदलणाऱ्या कमांडने एचटीएमएलमधली लिंक बदलायची, सात-आठ ओळींची शेल स्क्रिप्ट होते. फोटो आणि फॉन्टचे हॅश आधी काढा, ती नावं सीएसएसमध्ये बदला, मग सीएसएसचा हॅश, क्रम उलटा झाला तर सीएसएसचा हॅश चुकीचा निघतो. सर्व्हरच्या कॅश-कंट्रोल हेडरमध्ये हॅशवाल्या फाईलींना मॅक्स-एज ३१५३६००० सेकंद म्हणजे एक वर्ष आणि इम्युटेबल (फाईल बदलणार नाही), एचटीएमएलला मात्र नो-कॅश (दर वेळी सर्व्हरला विचारून बघ).

अपलोड करताना आधी फोटो, फॉन्ट, सीएसएस आणि एचटीएमएल शेवटी, म्हणजे मधेच रेंज गेली तरी चालू साईट मोडत नाही. जुनी सीएसएस लगेच उडवू नका, कोणाकडे जुनं पान उघडं असतं, महिनाभर राहू दे.