सोलापूरची वेगळी बाजू बघायला येताय? मग या चुका टाळा

सोलापूरला येणाऱ्यांचा फेरा ठरलेला असतो. सकाळी अक्कलकोट, दुपारी तुळजापूर, दुसऱ्या दिवशी पंढरपूर आणि मधली रात्र स्टेशनजवळच्या लॉजवर. देवदर्शनाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण अलीकडे "आम्हाला जरा वेगळं सोलापूर बघायचंय" म्हणत येणारे वाढलेत. त्यांना गाव दाखवायला मला मनापासून आवडतं. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा होताना बघून मात्र जीव तुटतो.

कुडलला जाऊन वर न बघणं

ही चूक मला सगळ्यात जास्त लागते. सोलापूरपासून विजापूर रस्त्याने सुमारे ४० किलोमीटरवर हत्तरसंग कुडल आहे. भीमा आणि सीना तिथे एकमेकींना मिळतात. काठावर संगमेश्वराचं जुनं देऊळ आहे. शेजारीच हरिहरेश्वराचं देऊळ ढिगाऱ्याखालून मोकळं केलंय. तिथल्या शिवलिंगावर ३५९ मुखं कोरलेली आहेत आणि फोटो सगळे त्याचेच काढतात.

पुतण्याचे चार मित्र पुण्याहून आले होते. हातात मोबाईल, मोबाईलमध्ये यादी, प्रत्येक ठिकाणाला वीस मिनिटं. मी म्हटलं, कुडलला निदान दोन तास द्या. "काका, रील झाली की निघू, दुपारी नळदुर्ग किल्ल्यातला पाणीमहाल पण करायचाय." गेले, बहुमुखी लिंगापाशी फोटो काढले आणि परतले. संध्याकाळी विचारलं, तुळईवरचा लेख वाचला का? चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. कुठली तुळई?

संगमेश्वराच्या मंडपातल्या त्या दगडी तुळईवर शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा लेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत तो गणला जातो. त्याच्या शेवटी 'वाछि तो विजेया होईवा' असं आहे, म्हणजे जो वाचेल तो विजयी होईल. एक हजार वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्या भाषेत आपल्यासाठी हे कोरून ठेवलं आणि मराठी बोलणारी चार पोरं त्याच्या खालून चालत गेली. मला त्या रात्री खरंच वाईट वाटलं.

माझी सवय सांगतो. तिथे पोचल्यावर पहिली दहा मिनिटं फोन खिशात. डोळे अंधाराला सरावू द्यायचे, मान वर करायची, तुळया एकेक बघायच्या. अक्षरं झिजलेली आहेत, त्यामुळे बॅटरीचा उजेड समोरून न मारता बाजूने तिरपा धरायचा, म्हणजे कोरलेला भाग सावलीने उठून दिसतो. लेखावर खडू किंवा पाणी फिरवायचं नाही, बोटानेही घासायचं नाही. नळदुर्ग दुसऱ्या दिवशी. दोन्ही एका दिवसात उरकायचा हट्ट मला पटत नाही आणि पटणारही नाही.

महामार्गावरची 'सोलापुरी' चादर

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी बाहेरून आलेला मिश्र धाग्याचा माल तिच्या नावावर सर्रास खपतो. ओळखीतल्या एका बाईंनी परतीच्या वाटेवर गाडी थांबवून तीन चादरी घेतल्या. "स्वस्त पडल्या हो भाऊ." पहिल्याच धुण्यात रंग गेला, गोळे आले, आणि फोन मला आला, की तुमच्या सोलापूरची चादर अशी कशी? माझ्या गावाच्या नावावर असा डाग लागतो तेव्हा राग दुकानदाराचा येतो, पण घाईचाही येतो. त्यांनी घडी उलगडूनसुद्धा बघितली नव्हती.

मी आधी चादर पूर्ण उघडतो आणि उलटी करतो. जकार्ड मागावर विणलेल्या खऱ्या चादरीची नक्षी दोन्ही बाजूंना असते, फक्त रंगांची अदलाबदल होते. मागची बाजू फिकट आणि छापल्यासारखी दिसली की ठेवून द्यायची. मग दुकानदाराला विचारून कडेचा एक धागा काढायचा, बाहेर जाऊन जाळायचा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख पडते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गुठळी होते. धागा काढू न देणाऱ्याकडून मी घेत नाही.

त्याहून चांगलं म्हणजे पूर्व भागात फिरा. अशोक चौक, कन्ना चौक या बाजूच्या गल्ल्यांत मागांचा खडखडाट रस्त्यावर ऐकू येतो आणि घरांतून तेलुगू. पद्मशाली विणकरांनी हा भाग उभा केला. दारात थांबून "मालक, जरा बघू का?" असं विचारलं तर बहुतेक वेळा आत बोलावतात. न विचारता कॅमेरा पुढे केलात तर ते दार तुमच्यासाठी बंद झालं म्हणून समजा. तिथे माणसं काम करतात, आणि बऱ्याच घरांत बायका विड्या वळत बसलेल्या असतात. त्यांचे फोटो तर अजिबात नकोत.

तळ्यातलं देऊळ बघितलं म्हणजे सिद्धेश्वर झाला असं समजणं

सिद्धेश्वर म्हणजे बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर. त्यांनी गावात ६८ शिवलिंगं स्थापली अशी श्रद्धा आहे. ती गल्लीबोळांत, कुठे कट्ट्याशेजारी, कुठे वाड्याच्या आडोशाला विखुरलेली आहेत. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत नंदीध्वज या लिंगांच्या वाटेने निघतात. बाराबंदी हा पारंपरिक पांढरा पोशाख घातलेले भक्त तो उंच ध्वज कमरेच्या पट्ट्यावर तोलतात, आणि सात ध्वजांना वेगवेगळ्या समाजांचे मान आहेत. लोक होम मैदानावरच्या पाळण्यांत बसून परत जातात. संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा चुकवू नका. कुंभारकन्येचा सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी लागणारा तो विवाह आहे. अक्षता हातात घेऊन उभे राहा, मागून धक्के बसतील, ते सोसायचे. यात्रेव्यतिरिक्त आलात तर दिवसाला पाचसहा लिंगंच शोधा, पत्ता म्हाताऱ्या माणसांना विचारत.

आता बाकीच्या चुका.

एप्रिल-मेमध्ये दुपारी फिरणं. पारा चाळिशीच्या वर जातो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या.

चार हुतात्मा चौकात नावं न वाचता पुढे जाणं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३० च्या सोलापुरातल्या मार्शल लॉनंतर, १२ जानेवारी १९३१ ला इंग्रजांनी चौघांना येरवड्यात फाशी दिली. थांबा आणि वाचा. तसंच भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक. चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करता करता गेलेला हा डॉक्टर सोलापूरचा.

'काय करूलालास बे' ऐकून दचकणं. तो आपलेपणा आहे. मात्र पहिल्याच भेटीत उलट 'बे' म्हणू नका.

शेंगा चटणी फक्त पाकिटातली घेणं. कुटलेल्या चटणीला तेल सुटतं आणि ती मुठीत दाबली की गोळा होतो, मिक्सरमधली कोरडी राहते. सोबत कडक भाकरी घ्या, महिनाभर टिकते.

आणि नान्नजच्या माळढोक अभयारण्यात 'माळढोक दाखवा' म्हणून वनरक्षकाच्या मागे लागणं. तो पक्षी आता हाताच्या बोटांवर मोजावा इतका दुर्मीळ झालाय. त्याच्यासाठी गवतात गाडी घालणारे मी पाहिलेत आणि त्यांना मी पुन्हा बरोबर नेत नाही. सकाळी लवकर जा, वाट सोडू नका, काळवीट नक्की दिसतील, नशीब असेल तर लांडगाही दिसेल.