अजिंक्यताऱ्याच्या चढावर: चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं सावकाश

दोन वर्षं मी रोज पहाटे अजिंक्यतारा चढत होते. निम्मं सातारा चढतं, त्यात मीही. पण शेवटच्या वळणाला दोन महिन्यांनी जी धाप लागायची, तीच दोन वर्षांनीही. रोज एकच वेग, ना धड निवांत ना धड जोरात. घोडं तिथंच अडलं होतं.

निवांत म्हणजे खरंच निवांत. चाला, सायकल चालवा, हळू धावा, पण सलग ४० मिनिटं, आणि शेजारणीशी पूर्ण वाक्यात बोलता येईल अशा बेताने. भाजीचे भाव सांगताना मध्येच श्वास घ्यावा लागला की वेग कमी करायचा. वर्षभर काहीच केलं नसेल तर पहिले सहा-आठ आठवडे एवढंच करा. तेवढ्यानेही दमसास वाढतो, गुडघे-घोटे तयार होतात.

माझ्यासारखे अडकलेले असतील त्यांच्यासाठी इंटरव्हल, म्हणजे थोडा वेळ जोरात, मग थोडा वेळ सावकाश, असं आलटून-पालटून. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या संशोधकांनी २००७ साली आधीपासून व्यायाम करणाऱ्या ४० पुरुषांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. आठ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस धावणं, एकूण काम सगळ्यांना सारखंच. चार-चार मिनिटं जोरात धावणाऱ्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढली. सावकाश धावणाऱ्यांची जवळजवळ होती तेवढीच राहिली. जोरात धावणाऱ्यांचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागलं होतं.

माझा मंगळवार असा. दहा मिनिटं सपाटीला चालून अंग गरम करते. मग चार मिनिटं चढ, तीन मिनिटं हळूहळू उतार. असे चार चढ. उताराला बसायचं नाही, पाय चालूच. शेवटी पाच मिनिटं रमतगमत. सगळं मिळून ४० मिनिटं. चढ असल्यामुळे धावावं लागत नाही, झपझप चाललं तरी पुरतं.

पहिलं मिनिट फसवं असतं. नाडी लगेच वर जात नाही, म्हणून आपण जास्तच पळतो. मी पहिल्या दिवशी तेच केलं: दुसऱ्या चढालाच कठडा धरला, पोटरी आठवडाभर दुखली. तिसऱ्या मिनिटाला दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये, पण चौथा चढ पहिल्याच वेगाने जमावा, हे माप धरा. चढ संपताच १५ सेकंद नाडी मोजून चारने गुणा. २२० वजा वय म्हणजे नाडीचे मिनिटाला जास्तीत जास्त ठोके, माझे ४६ व्या वर्षी १७४ येतात; चढाला त्याचे ८५ ते ९५ टक्के गाठायचे, म्हणजे १४८ ते १६५. हा ढोबळ हिशेब आहे, दहा-बारा ठोके इकडेतिकडे धरायचे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी फारशी वर जात नाही, तेव्हा हे आकडे निरुपयोगी. रक्तदाब, मधुमेह, छातीचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आठवड्याला एकच इंटरव्हल, महिन्याभराने दोन. लागोपाठच्या दिवशी नको. बाकी तीन दिवस निवांत. फोनवर टबाटा, म्हणजे २० सेकंद जोर-१० सेकंद विश्रांतीचा व्यायाम, लावून हॉलमध्ये उड्या मारण्यात मला राम वाटत नाही. टबाटाच्या मूळ प्रयोगातले खेळाडू त्या २० सेकंदांत सायकलवर पार पिळून निघायचे.

मंगळवारी मैत्रिणी माझ्यासोबत येत नाहीत. तीनदा अर्ध्या वाटेतून माघारी फिरणाऱ्या बाईबरोबर कोण चढणार? गुरुवारी मात्र मीच सगळ्यांत मागे असते, गप्पांच्या घोळक्यात.