सेटलिंग टाकीत गाळ वर येत होता, तो असा थांबवला

आमच्या कांदिवलीच्या सोसायटीचा एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) मी बघतो. सेटलिंग टाकीत, म्हणजे जिथे गाळ तळाला बसायला हवा तिथे, गाळाचे गोळे बुडबुड्यांसकट वर यायला लागले, शुद्ध केलेलं पाणी फ्लशला जातं तेही गढूळ, सोसायटीतल्या एक काकू रोज फोन करायच्या आणि त्यांचं बरोबरच होतं. ऑपरेटर दादा म्हणाले हवा कमी पडतेय, म्हणून ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं यंत्र) २४ तास चालवला तर अजूनच बिघडलं, पीएच ६.३! मग नायट्रेटची पट्टी बुडवली, रंग एकदम गडद. म्हणजे अमोनियाचं नायट्रेट होत होतं, पण त्याचा नायट्रोजन वायू तळाला साचलेल्या गाळात बनत होता आणि तोच गाळाला वर उचलत होता. १ ग्रॅम अमोनिया नायट्रोजनमागे साधारण ७.१ ग्रॅम अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलून पीएच टिकवायची ताकद) खर्च होते, म्हणून पीएच पडला. डीनायट्रिफिकेशन, म्हणजे नायट्रेटचा नायट्रोजन वायू, झालं की त्यातली निम्मी परत मिळते.

म्हणून ब्लोअरला टायमर लावला, दीड तास चालू, पाऊण तास बंद, म्हणजे हवा बंद असताना जंतू नायट्रेटचा वायू हवेच्या टाकीतच करून टाकतात, सेटलिंग टाकीत नाही. बंद असताना मिक्सर चालूच (हे विसरू नका) आणि ताजं सांडपाणी येत राहू द्यायचं, कारण जंतूंना त्यातला कार्बन लागतो. रिटर्न पंपही (बसलेला गाळ परत हवेच्या टाकीत नेणारा) वाढवला म्हणजे गाळ तळाला जास्त वेळ पडून राहत नाही. दोन आठवड्यांत पीएच ७ च्या वर, गाळ नीट बसतोय, पाणी स्वच्छ.