अ‍ॅबाचे व्हिडिओ टीव्हीवर नीट दिसू लागले

अ‍ॅबा या स्वीडिश पॉप बँडच्या गाण्यांची डीव्हीडी मोठ्या टीव्हीवर लावली, तर बँडमधले चौघंही आडवे फुगलेले! हे व्हिडिओ १९७०च्या दशकातले, म्हणजे ४:३ (रुंदी ४, उंची ३) चौकटीचे. टीव्ही ते ताणून १६:९ करत होता. रिमोटवरून पिक्चर साइझ ४:३ केला. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात, येऊ देत. यातले बहुतेक व्हिडिओ लासे हालस्ट्रॉम या दिग्दर्शकाचे. एका गायिकेचा चेहरा समोरून, दुसरीचा अगदी बाजूने, ही त्याची लाडकी चौकट आता कुठे खुलून दिसते. बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्याची नाकापासून हनुवटीपर्यंतची रेघ काय सुरेख आहे! मोशन स्मूदिंग, म्हणजे हालचाल गुळगुळीत दाखवणारी टीव्हीची सोय, तीही बंद केली, त्याने हालचाली नकली वाटत होत्या. आवाजाला सराउंड काढून साधा स्टिरिओ ठेवला. अग्नेता आणि फ्रिडा या दोघी गायिकांचे आवाज एकमेकांत मिसळतात, ते त्यातच छान ऐकू येतं.