सभागृहासाठी प्रोजेक्टर घेताना: आधी पडद्यावरचा उजेड मोजा

नाट्यगृह, महाविद्यालयाचे सभागृह किंवा मंगल कार्यालय चालवणाऱ्या संस्थेने प्रोजेक्टर घ्यायचे ठरवले की विश्वस्तांच्या बैठकीत पहिला प्रश्न येतो तो किती ल्युमेन्सचा घ्यायचा हा. ल्युमेन्स म्हणजे यंत्र एकूण किती प्रकाश टाकते त्याचे माप. तीन विक्रेत्यांकडून कोटेशन येतात, तिन्हींत आकडे वेगळे असतात आणि शेवटी मधल्या किमतीचे यंत्र मंजूर होते. ल्युमेन्सचा आकडा कॅटलॉगमधून उचलायचा नसतो, तो आपल्या सभागृहातून काढायचा असतो, आणि त्यासाठी मोजपट्टी, लक्स मीटर (उजेड मोजायचे उपकरण) व थोडे गणित एवढेच लागते. हे काम कोटेशन मागवण्याच्या आधी झाले, तर पुढचे बहुतेक निर्णय सोपे होतात.

सुरुवात शेवटच्या रांगेपासून करावी. पडद्यापासून शेवटच्या खुर्चीपर्यंतचे अंतर मोजावे आणि त्याला सहाने भागावे. व्याख्याने, परिषदा, स्नेहसंमेलने यांत स्लाइडवरचा मजकूर वाचता यायचा असेल, तर चित्राची उंची साधारण तेवढी हवी. उदाहरणादाखल सहाशे खुर्च्यांचे सभागृह घेऊ, ज्याची शेवटची रांग पडद्यापासून ६० फुटांवर आहे. तिथे चित्र १० फूट उंच हवे, आणि १६:१० या प्रमाणात त्याची रुंदी १६ फूट होते. म्हणजे १६० चौरस फूट, सुमारे १४.९ चौरस मीटर. केवळ चित्रपट किंवा छायाचित्रे दाखवायची असतील तर याहून लहान पडदा चालतो. पण ताळेबंदाचे तक्ते दाखवणाऱ्या पतसंस्थेची वार्षिक सभा त्याच सभागृहात होणार असेल, तर चालत नाही.

आता खरा मुद्दा. कार्यक्रमात जसे दिवे लागतात तसे सगळे लावावेत: प्रेक्षागृहातले मंद दिवे, वक्त्यावरचा स्पॉट, रंगमंचावरचे समोरचे दिवे. मग पडदा जिथे असेल तिथे लक्स मीटर प्रेक्षकांकडे तोंड करून धरावा आणि मध्यभागी व चारही कोपऱ्यांजवळ नोंद घेऊन सरासरी काढावी. मोबाइलमधल्या ॲपवर अंदाज येतो, पण लाखो रुपयांच्या खरेदीसाठी खरा मीटर लाइटवाल्याकडून दोन तासांसाठी मागून आणावा. समजा सरासरी ५० लक्स आली; लक्स म्हणजे दर चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन्स. दृक्‌श्राव्य क्षेत्रातल्या अमेरिकी मानकानुसार मजकूर आणि तक्ते नीट समजण्यासाठी चित्राचा सर्वांत उजळ भाग सर्वांत काळ्या भागाच्या १५ पट असावा लागतो. नुसते चित्र ओळखू येण्यासाठी ७ पट पुरतात, आणि चित्रपट त्याच्या खऱ्या रूपात दिसण्यासाठी ८० पट लागतात.

प्रोजेक्टर पडद्यावर काळा रंग टाकू शकत नाही. ज्या जागी तो प्रकाश टाकत नाही, तिथे आधीपासून पडलेला उजेड दिसतो आणि त्यालाच आपण काळे म्हणतो. म्हणून १५ पट गाठायचे तर पडद्यावरच्या ५० लक्सच्या १४ पट, म्हणजे ७०० लक्स प्रोजेक्टरने स्वतः टाकावे लागतात. त्याला १४.९ चौरस मीटरने गुणले की सुमारे १०,४०० ल्युमेन्स होतात. हेच गणित २५ लक्ससाठी केले तर ५,२०० येतात. समोरच्या दिव्यांचा कोन बदलून, त्यांवर उजेड अडवणारे फ्लॅप लावून किंवा पडदा चार-पाच फूट मागे घेऊन पडद्यावरचा फालतू उजेड निम्मा झाला, तर निम्म्या ताकदीचे यंत्र पुरते, आणि त्या दुरुस्तीचा खर्च प्रोजेक्टरच्या किमतीतल्या फरकापुढे नगण्य असतो. या एका कारणासाठी लाइटवाल्याला प्रोजेक्टरच्या पहिल्या बैठकीलाच बोलवावे, असे मी आग्रहाने सांगेन.

दिवसा खिडक्या उघड्या असलेल्या मंगल कार्यालयात मात्र हे गणित वेगळाच कौल देते. तिथे पडद्यावर २०० लक्स पडत असतील तर त्याच आकाराच्या चित्रासाठी ४१,००० हून अधिक ल्युमेन्स लागतील. नुसते चित्र ओळखू येण्याइतपत हवे म्हटले तरी १७,८०० च्या आसपास. अशा जागी एक तर जाड पडदे शिवून घ्यावेत किंवा एलईडी वॉल भाड्याने आणावी. दिवसाच्या मुहूर्ताला मोठा प्रोजेक्टर घेणे म्हणजे पैसा वाया घालवणे आहे. गणेशोत्सवाच्या मांडवातही हाच नियम: सूर्यास्तानंतर आणि जवळची रोषणाई आवरली तरच प्रोजेक्टर शोभतो.

मिळालेल्या आकड्यावर वीस ते पंचवीस टक्के वाढ धरावी, कारण यंत्राची उजळता वापरागणिक कमी होत जाते, लांब पल्ल्याची लेन्स थोडा प्रकाश खाते, आणि सर्वाधिक ल्युमेन्सचा दावा बहुधा अशा मोडमध्ये असतो ज्यात माणसांचे चेहरे हिरवट दिसतात. म्हणजे आपल्या उदाहरणात सुमारे १३,००० ल्युमेन्स. हा आकडा आन्सी किंवा आयएसओ या मानकांच्या पद्धतीने मोजलेला आहे, असे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. स्वस्त यंत्रांवर नुसते 'ल्युमेन्स' किंवा 'एलईडी ल्युमेन्स' लिहिलेले असते आणि त्या आकड्यावर काहीही ठरवता येत नाही.

पांढरा उजेड आणि रंगीत उजेड हा फरक कॅटलॉगमध्ये सहसा ठळकपणे दिसत नाही. एकाच चिपच्या अनेक डीएलपी (चिपवरच्या सूक्ष्म आरशांनी चित्र बनवणाऱ्या) यंत्रांत फिरत्या रंगचक्रावर पांढरा किंवा पिवळा पट्टा असतो. त्यामुळे पांढरे भगभगीत होते, पण रंग त्या मानाने मागे पडतात. हळदीच्या छायाचित्रातला पिवळा मातकट दिसतो, पैठणीचा जांभळा काळपट होतो. तीन एलसीडी पॅनेलच्या यंत्रांत रंगांची उजळता पांढऱ्याइतकीच असते, आणि तीन चिपच्या डीएलपीतही रंगचक्र नसते, परंतु ती यंत्रे बरीच महाग पडतात. कार्यक्रमाचे चित्रीकरण होणार असेल तर एक चिपच्या यंत्राच्या पडद्यावर कॅमेऱ्यात रंगीत पट्टे येऊ शकतात, हेही ध्यानात घ्यावे. साधारण सभागृहासाठी मी तीन एलसीडी पॅनेलचे लेसर यंत्र सुचवेन.

लेसर की दिवा, या वादात लेसरच्या २०,००० तासांच्या आयुष्याचा आकडा नेहमी पुढे केला जातो. वर्षाला शंभर कार्यक्रम, प्रत्येकी पाच तास, असे धरले तर वर्षाचे ५०० तास होतात आणि २०,००० तास संपायला चाळीस वर्षे लागतील. तोवर यंत्राचे इतर भाग टिकणार नाहीत. लेसरचा खरा फायदा असा की उजळता हळूहळू उतरते, भर कार्यक्रमात दिवा फुटत नाही, दर दोन-चार हजार तासांनी नवा दिवा विकत आणावा लागत नाही आणि बंद केल्यावर थंड होण्याची वाट पाहावी लागत नाही.

यंत्र कुठे बसणार हे ठरल्याशिवाय लेन्स ठरत नाही. यंत्र ते पडदा हे अंतर भागिले चित्राची रुंदी, याला थ्रो रेशो म्हणतात. बाल्कनीच्या मागच्या खोलीतून ७५ फुटांवरून १६ फूट चित्र टाकायचे तर हे गुणोत्तर ४.७ येते, बाल्कनीच्या कठड्याखाली ४५ फुटांवर टांगले तर २.८, आणि पडद्यामागे १२ फूट जागा असून मागून चित्र टाकायचे असेल तर ०.७५. तिन्हींसाठी लेन्स वेगळी. मोठ्या यंत्रांची किंमत अनेकदा लेन्सशिवाय सांगितलेली असते, म्हणून कोटेशनमध्ये लेन्सचा मॉडेल क्रमांक व तिचा पल्ला वेगळा मागावा. मागून टाकलेल्या चित्रावर नटाची सावली पडत नाही, हे नाटकवाल्यांना फार सोयीचे असते, पण विंगांमागे तेवढी मोकळी खोली आपल्याकडच्या थोड्याच रंगमंचांवर मिळते.

चित्र चौकोनात बसवण्यासाठी लेन्स शिफ्ट, म्हणजे यंत्र न हलवता लेन्स सरकवण्याची सोय, असलेले यंत्र घ्यावे. कीस्टोन या इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीने तिरके चित्र सरळ होते खरे, पण ते पॅनेलवरच आक्रसून घेतलेले असते: काही पिक्सेल वाया जातात, अक्षरांच्या कडा मऊ पडतात आणि चित्राभोवती फिकट राखाडी चौकट दिसत राहते. घाईत मांडणी करावी लागली तर कीस्टोन वापरावे, कायमच्या जागी मात्र टाळावे. रिझोल्यूशनचा फार विचार करण्याचे कारण नाही. १९२० बाय १२०० पिक्सेलचे यंत्र सहाशे खुर्च्यांना व्यवस्थित पुरते.

केबलकडे मात्र दुर्लक्ष होते आणि कार्यक्रम तिथेच अडतो. तांब्याची एचडीएमआय केबल तीस-चाळीस फुटांपलीकडे भरवशाची राहत नाही. व्यासपीठापासून बाल्कनीपर्यंत भिंतीतून चांगली कॅट ६ केबल टाकून घेतली, तर एचडीबेसटी (नेटवर्कच्या केबलवरून चित्र पाठवण्याच्या) पद्धतीने १०० मीटरपर्यंत चित्र जाते. एकीऐवजी दोन केबली टाकाव्यात, कारण भिंत पुन्हा फोडण्यापेक्षा ते स्वस्त असते. यंत्राचे वीज कनेक्शन डिमरच्या (दिवे मंद करणाऱ्या यंत्रणेच्या) फेजवर नसावे, अर्थिंग तपासून घ्यावे, आणि जनरेटर सुरू होईपर्यंतच्या त्या काही सेकंदांसाठी ऑनलाइन यूपीएस लावावा.

कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरते. कार्यक्रम नसले तरी आठवड्यातून एकदा तासभर यंत्र चालू ठेवावे. नाटकांत धुराचे यंत्र वापरले जात असेल तर फिल्टर नेहमीपेक्षा लवकर साफ करावा लागतो, कारण त्या धुराचा थर धुळीला धरून ठेवतो.

वर्षाला दहा-बारा कार्यक्रमांनाच पडदा लागत असेल तर भाड्याने आणणे शहाणपणाचे आहे. विकत घ्यायचेच असेल तर डेमो विक्रेत्याच्या अंधाऱ्या खोलीत पाहू नये. आपल्याच सभागृहात, कार्यक्रमाचे दिवे लावून, आपल्याच पेन ड्राइव्हवरून पाहावा. त्यात बारीक अक्षरांचा एक तक्ता, लग्नाची काही छायाचित्रे आणि एक काळोखा व्हिडिओ असावा. तक्ता शेवटच्या रांगेतून आणि कडेच्या खुर्च्यांवरून वाचून पाहावा, दिवे मालवून पंख्याचा आवाज पुढच्या रांगेत बसून ऐकावा, आणि बिघाड झाल्यास किती दिवसांत बदली यंत्र येईल व ते कोणत्या गावाहून येईल, हे खरेदीच्या आदेशातच लिहून घ्यावे.