आवडत्या संघाची जर्सी घालताना

त्र्यंबकेश्वर रस्त्यावर पहाटे सायकल चालवताना आवडत्या व्यावसायिक सायकलिंग संघाची जर्सी खुशाल घालावी. त्यासाठी त्या खेळाडूंइतका वेग अंगी असलाच पाहिजे, असे मुळीच नाही. मात्र टूर द फ्रान्स या अनेक टप्प्यांच्या सायकल शर्यतीत १९१९ पासून एकूण वेळेत आघाडीवर असणाऱ्याला मिळणारी पिवळी जर्सी आणि छातीवर निळा, लाल, काळा, पिवळा व हिरवा असे पट्टे असलेली विश्वविजेत्याची जर्सी या कमवाव्या लागतात, म्हणून त्या हौसेखातर घालू नयेत, असे माझे ठाम मत आहे. खांद्यांवरून पट्टे जाणाऱ्या, सायकलस्वारांच्या घट्ट बिब शॉर्ट्सखाली अंतर्वस्त्र नसावे, त्या प्रत्येक फेरीनंतर धुवाव्यात आणि मागचे कापड विरून आरपार दिसू लागले, की मागून येणाऱ्याचा विचार करून लगेच बाद कराव्यात. गंगापूर रस्त्यावर चहाला थांबल्यावर साध्या टी-शर्टमधल्या नवख्यालाही आपणहून घोळक्यात बोलवावे.